मोहोरबंद लिफाफा

वर्तमानपत्रातला कोणता मजकूर कोणीच वाचीत नाही, असे कुणी विचारले तर मी निःशंकपणे निविदा-सूचनेचे नाव घेईन. छोट्या जाहिराती लोक वाचतात. स्थळांच्या जाहिराती तर ज्यांच्या लग्नाला तीस वर्षे झाली तेही वाचतात. निधनवार्ता आमच्या शेजारचे अण्णा सकाळच्या चहाच्या आधी उरकतात. परंतु 'अमुक नगरपालिका, तमुक इमारतीचे बांधकाम, अंदाजित रक्कम, अनामत रक्कम' असा चौकोन दिसला की नजर त्याला वळसा घालून क्रिकेटकडे जाते. वास्तविक त्या चौकोनात जी रक्कम छापलेली असते ती तुमच्या-माझ्या घरपट्टीतून जावयाची असते.

दिवाळीच्या अंकात ही कंत्राटाची कटकट कशाला, असे म्हणाल. पण फराळाच्या ताटात चकलीही लागतेच, आणि ती थोडी तिखटच बरी.

'निविदा' हा शब्द मोठा सालस आहे. त्याच्या मुळाशी 'विद्' धातू. निवेदन, विद्या, वेद ही सारी त्याच घराण्यातली मंडळी. जाणणे, जाणवून देणे, हा त्या घराण्याचा कुळधर्म. 'मक्ता' अरबीतून आला, 'कंत्राट' फिरंगी वळणाचे, आणि 'टेंडर' तर आपण सगळेच बोलतो. पण लोकांनी या टेंडराला जोडलेली क्रियापदे ऐका. टेंडर निघते, टेंडर भरतात, टेंडर उघडते, इथवर ठीक. पुढे टेंडर 'फुटते' आणि टेंडर 'मॅनेज होते'. भाषेत क्रियापदे उगाच रुजत नाहीत. ज्या गोष्टीचा समाजाला पुनःपुन्हा अनुभव येतो तिचेच क्रियापद होते.

आता या व्यवहारात खरी मेख कुठे असते ते पाहू. लुगड्याच्या दुकानात आपण घासाघीस करतो तेव्हा पैसा आपला असतो, आणि लुगडे नेसावयाचेही आपल्यालाच असते. सार्वजनिक इमारतीच्या बाबतीत सौदा ठरविणारा अधिकारी, काम करणारा कंत्राटदार आणि पैसे भरणारा नागरिक हे तिघे तीन ठिकाणी असतात. पहिले दोघे समोरासमोर बसलेले असतात. तिसरा लोकलमध्ये लोंबकळत असतो. म्हणून कायदेकर्त्यांनी त्या टेबलापाशी एक चौथी खुर्ची मांडली, देखरेख करणाऱ्याची. त्या खुर्चीत कोण बसते आणि बसून काय विचारते, यावर इमारतीची किंमत ठरते.

'सर्वांत कमी रकमेची निविदा घ्या, झाले!' असे आपल्याला वाटते. पण एक काल्पनिक उदाहरण घ्या. पाया खणावयाचा आहे. खात्याच्या अंदाजपत्रकात माती १,००० घनमीटर आणि खडक १०० घनमीटर धरला आहे. पहिला कंत्राटदार मातीला १०० रुपये आणि खडकाला ३,००० रुपये दर लावतो. त्याची बेरीज ४ लाख. दुसरा मातीला ३०० आणि खडकाला १,५०० लावतो. त्याची बेरीज साडेचार लाख. काम अर्थातच पहिल्याला मिळाले. खणू लागल्यावर निघाले काय, तर माती ६०० आणि खडक ५००! आता पहिल्याचे बिल होते १५ लाख ६० हजार. दुसऱ्याने तेच काम ९ लाख ३० हजारांत केले असते. आणि गंमत पाहा, यात कुणी एका पैशाची खोटी सही केलेली नाही. हिशेब तपासनिसाला कागद सगळे चोख सापडतील. खाली खडक किती आहे हे पहिल्याला आधीपासून ठाऊक होते की काय, आणि असल्यास कुणी सांगितले, एवढाच प्रश्न उरतो. तो करार होण्यापूर्वी विचारला असता तर सहा लाख तीस हजार वाचले असते. करारानंतर विचारला तर त्याचे उत्तर म्हणजे केवळ इतिहास.

या चौथ्या खुर्चीचा अनुभव घ्यावयाला नगरपालिकेत जाण्याचीही जरुरी नाही. आमच्या सोसायटीच्या इमारतीला बाहेरून गिलावा आणि रंग द्यावयाचा होता. सेक्रेटरींनी नियमाप्रमाणे तीन कंत्राटदारांकडून दरपत्रके मागविली आणि सभेपुढे ठेवली. रकमा तीन, छापील मथळे तीन, शिक्के तीन. मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, त्यामुळे माझी नजर रकमेकडे न जाता अक्षरांकडे गेली. तिन्ही कागदांत 'प्लाष्टर' लिहिले होते, तिन्हींत 'वॉटरप्रुफिंग'चा 'प्रु' ऱ्हस्व, आणि तिन्हींत सातव्या कलमानंतर एकदम नववे कलम. परीक्षा-मंडपात हे आढळले असते तर मी तिघांनाही उठवून बाहेर नेले असते. मी सभेत ते सांगितले. सेक्रेटरी सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही शुद्धलेखन पाहता, आम्हांला रक्कम पाहावी लागते." परंतु दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हट्टच धरला, म्हणून चौथे दरपत्रक दुसऱ्या उपनगरातून मागविले. ते तिन्हींपेक्षा बरेच खाली आले. काकूंना बांधकामातले ओ की ठो कळत नाही. पण त्यांना कुणाची भीड नव्हती, आणि प्रश्न विचारण्याची ती मोठीच पात्रता आहे.

आता समजा, त्या चौथ्या खुर्चीवर बसणाऱ्यानेच कंत्राटदाराशी संधान बांधले तर? या प्रश्नाचे दगडी उत्तर न्यूयॉर्क शहरात उभे आहे. चेंबर्स स्ट्रीटवरची ती जुनी न्यायालयाची इमारत आजही 'ट्वीड कोर्टहाउस' म्हणून ओळखली जाते. विल्यम ट्वीड हे तिच्या शिल्पकाराचे नाव नव्हे. तिच्यावर देखरेख करणाऱ्या मंडळाच्या सभासदाचे ते नाव!

त्याचे असे झाले. न्यूयॉर्कच्या कारभारात फार लाचलुचपत आहे म्हणून राज्याच्या विधिमंडळाने १८५७ साली एक देखरेख मंडळ निर्माण केले. बारा सभासद, सहा एका पक्षाचे आणि सहा दुसऱ्याचे. म्हणजे एकमेकांवर डोळा राहील, कोणालाच काही खाता येणार नाही. कागदावर योजना इतकी नेटकी होती की तिला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावावी! प्रत्यक्षात ट्वीडने पुढे जो कबुलीजबाब दिला त्यात सांगितले की एका महत्त्वाच्या मतदानाच्या दिवशी विरुद्ध पक्षाचा एक सभासद घरीच राहावा म्हणून त्याला २,५०० डॉलर दिले. सहा विरुद्ध पाच झाले. त्यानंतर मंडळातल्या टोळीने कंत्राटदारांच्या बिलांवर शेकडा १५ असा आपला वाटा ठरवून टाकला. पुढे तो वाढत वाढत निम्म्याच्याही वर गेला. कुंपणाने शेत खाल्ले ही म्हण आपली, पण शेतावर कुंपण घालण्याचे कंत्राटही कुंपणानेच घेतल्याचा दाखला तिकडचा.

इमारतीसाठी प्रथम अडीच लाख डॉलर मंजूर होते. काम १८६१ साली सुरू झाले. दहा वर्षांनी खर्च एक कोटी डॉलरच्या पुढे गेला होता आणि इमारत अपुरीच होती. तुलनेसाठी सांगते, अमेरिकेने १८६७ साली रशियाकडून अख्खा अलास्का प्रांत ७२ लाख डॉलरना विकत घेतला. बिलांचे नमुने पाहा. तीन टेबले आणि चाळीस खुर्च्या, १,७९,७२९ डॉलर. अकरा उष्णतामापके, ७,५०० डॉलर. ज्या इमारतीत लाकूडकाम नावालाच होते तिथे एका सुताराचे एका महिन्याचे बिल साडेतीन लाखांच्या वर. आणि गिलाव्याचा कंत्राटदार गार्वी, त्याला दोन दिवसांच्या कामाचे १,३३,१८७ डॉलर! (आमच्या सोसायटीच्या 'प्लाष्टर'वाल्याने हे वाचले तर तो स्वतःला संत समजेल.) संगमरवर मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या खाणीतून आला ती ट्वीडचीच होती. काम इतके का रेंगाळले याची चौकशी करण्यास मध्यंतरी एक समितीही बसली. तिचा अहवाल छापण्याचे काम ज्या छापखान्याला मिळाले तोही ट्वीडचाच.

मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते ती १८७० सालची एक बैठक. त्या वर्षी ते मंडळ बरखास्त करून बिले तपासण्यासाठी तिघांचे नवे मंडळ नेमले होते: नगराध्यक्ष हॉल, हिशेबनीस कॉनोली आणि स्वतः ट्वीड. या मंडळाने ५ मे रोजी एकाच बैठकीत साठ लाख डॉलरांहून अधिक रकमेची बिले मंजूर केली. देखरेख झाली नाही असे म्हणण्याची सोय नाही. बैठक झाली, सह्या झाल्या, ठराव झाला. चोरी होताना पहारेकरी झोपला होता असे आपण सहसा धरून चालतो. इथे तो जागा होता आणि कंदील धरून उभा होता.

हे उघडकीला आले ते एका अपघाताने. हिशेबाची खरी वही सांभाळणारा वॉटसन हा १८७१ च्या जानेवारीत बर्फावरच्या गाडीच्या अपघातात मेला. त्यानंतर खात्यात आलेल्या एका कारकुनाने आकड्यांच्या नकला करून घेतल्या, आणि जुलै महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते आकडे छापले. ट्वीडवर १८७३ साली खटला चालला तो याच अपुऱ्या इमारतीत. १८७८ साली तो तुरुंगात वारला. इमारत पुरी व्हावयास १८८१ साल उजाडले.

योगायोग असा की, ज्या १८७१ च्या पावसाळ्यात न्यूयॉर्क पेटले होते त्याच पावसाळ्यात आपल्या मुंबईतही करदाते खवळले होते. कारण वेगळे होते आणि माणूसही निराळा. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती दिला होता, आणि त्या जागेवर आर्थर क्रॉफर्ड आले. हा गृहस्थ तडफदार. गटारे, रस्ते, स्वच्छता, बाजार, जे हाती घेई ते करून दाखवी. त्यांच्या नावाच्या मंडईतून तीन-चार पिढ्यांनी आंबे आणले. (तिला आता महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव आहे. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत आणि पुढे पुणे नगरपालिकेचे सभासदही झाले, हे किती जणांना ठाऊक असते?) परंतु क्रॉफर्डसाहेबांना काम दिसे, मंजुरी दिसत नसे. आधी खर्च आणि मग परवानगी हा त्यांचा खाक्या. त्यांच्यावर देखरेख करावयाची ती 'जस्टिसेस ऑफ दि पीस' या मोठ्या मंडळाने, आणि त्यातले सभासद सरकारने नेमलेले. इतक्या जणांनी पाहावयाचे म्हणजे कुणीच पाहावयाचे नाही. घरात चार सुना असल्या की दूध उतू जाते तसे.

क्रॉफर्ड त्या पदावरून गेले. पण तरुण फिरोजशहा मेहतांनी तेव्हा जे मांडले ते मला फार महत्त्वाचे वाटते. कमिशनर वाईट म्हणून अधिकार काढून घ्या, असे ते म्हणाले नाहीत. उलट त्यांनी क्रॉफर्डच्या कामाची वाखाणणी केली. काम एकाच जबाबदार माणसाच्या हाती असावे, पण त्याला जाब विचारणारे लोक करदात्यांनी निवडलेले असावेत, असे त्यांचे म्हणणे. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली आणि त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडावयाचे ठरले. १८८८ च्या कायद्याने स्थायी समिती आली. त्या कायद्याची घडण करण्यात मेहतांचाही हात होता.

तो १८८८ चा कायदा मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचला. कादंबरी म्हणून वाचण्यासारखा नाही हे कबूल, परंतु कंत्राटांची कलमे लिहिणारा माणूस मनुष्यस्वभाव ओळखून होता. मोठ्या रकमेचे कंत्राट कमिशनरने करावयाचे ते स्थायी समितीची आधी संमती घेऊन. आधी, नंतर नव्हे. मोठ्या कामाची जाहिरात वर्तमानपत्रात देऊन निविदा मागवावयाच्या. कमीत कमी रकमेचीच निविदा घेतली पाहिजे असे बंधन नाही, सर्व परिस्थिती पाहता जी हिताची वाटेल ती घ्यावी. निविदा न मागविताच कंत्राट द्यावयाचे असेल तर समितीने पुरेशी कारणे आपल्या कामकाजात नोंदवून तशी परवानगी द्यावयाची. महापालिकेची मोहोर करारावर उठवावयाची ती समितीच्या दोन सभासदांच्या समक्ष, आणि त्यांनी तेथे सही करावयाची. ज्या नगरसेवकाचा महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा आडमार्गाने हितसंबंध असेल त्याचे सभासदत्वच जावयाचे. ट्वीडची खाण आणि ट्वीडचा छापखाना या एका वाक्यात अडकले असते.

हा कायदा झाला आणि लगोलग महापालिकेने स्वतःचे घर बांधावयास घेतले. बोरीबंदरासमोरच्या त्या इमारतीची कोनशिला लॉर्ड रिपन यांच्या हस्ते ९ डिसेंबर १८८४ रोजीच बसली होती, परंतु कोणता आराखडा घ्यावा यावर घोळ चालला होता. चिझम यांचा भारतीय-मुसलमानी वळणाचा आणि स्टीव्हन्स यांचा गॉथिक. शेवटी स्टीव्हन्स यांचा पत्करला. काम पाहावयास अभियंते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, कंत्राटदार व्यंकू बालाजी कालेवार. इमारत १८९३ साली पुरी झाली. अंदाज होता ११,८८,०८२ रुपयांचा. खर्च झाला ११,१९,९६९ रुपये. शिल्लक ६८,११३ रुपये!

सार्वजनिक इमारतीच्या हिशेबात 'शिल्लक' हा शब्द आज वाचला की चष्मा पुसून पुन्हा वाचावासा वाटतो. ही सारी पुण्याई स्थायी समितीचीच, असा दावा मी करणार नाही. अभियंता चोख असावा लागतो, कंत्राटदार शब्दाचा असावा लागतो, आणि अंदाजपत्रक मुळात नीट केलेले असावे लागते. तरीही आराखड्यावर इतका काळ भांडण झाले, त्याचा काही गुण लागलाच असेल असे मला वाटते. खणण्यापूर्वी जे वाद होतात ते खणल्यानंतरच्या वादांपेक्षा स्वस्त पडतात.

पुढची हकीकत इतकी सरळ नाही. चौथी खुर्ची निवडणुकीतून आली म्हणून ती जागरूक असतेच असे नव्हे. प्रस्तावांची चळत काही मिनिटांत हातावेगळी झाल्याच्या बातम्या आपण कित्येकदा वाचल्या आहेत. टक्केवारी हा शब्द शाळेच्या निकालपत्रातून उठून नगरपालिकेत कधी गेला ते कळलेही नाही. पण खुर्ची वाईट भरली म्हणून ती उचलूनच न्यावी काय? मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. महापालिकेचे आयुक्त तेच प्रशासक. म्हणजे कंत्राटाचा प्रस्ताव मांडावयाचा आयुक्तांनी, आणि स्थायी समितीच्या जागी बसून त्याला संमती द्यावयाची तीही त्यांनीच. राज्यातल्या इतर कित्येक शहरांतही हाच प्रकार होता. त्या काळातले अधिकारी अप्रामाणिक होते असे मी मुळीच म्हणत नाही. पण पेपर काढणारा, सोडविणारा आणि तपासणारा एकच असेल तर विद्यार्थी कितीही हुशार असला तरी त्याच्या गुणांना अर्थ काय उरतो? क्रॉफर्डच्या वेळी निदान जस्टिसांचे मंडळ तरी होते!

आमच्या महाविद्यालयात व्यावहारिक मराठीचा एक पेपर असतो. त्यासाठी मी एका वर्षी मुलांना वर्तमानपत्रातली एकेक निविदा-सूचना कापून आणावयास सांगितली आणि ती साध्या मराठीत लिहून काढावयास लावली. मुले आधी कुरकुरली. मग 'इसारा', 'बयाणा', 'दोषदायित्व कालावधी' असल्या शब्दांशी झटापट करता करता त्यांना गोडी लागली. लिफाफा आता संगणकात गेला असला तरी सूचनेची भाषा तीच आहे. प्रत्येक सूचनेच्या तळाशी एक ठरीव वाक्य असते: कोणतेही कारण न देता एक किंवा सर्व निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवण्यात आला आहे. मी त्याच वर्गात १८८८ च्या कायद्यातले कारणे नोंदविण्याचे कलमही वाचून दाखविले होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, निविदा न मागवता काम द्यायचं तर कारण लिहावं लागतं. मग आलेली निविदा नाकारायची तर ते का लिहायचं नाही?"

तास संपल्याची घंटा झाली, पण मुले उठली नाहीत. मी तिला म्हटले, माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालीच झाला आहे, अर्जाला दहा रुपये पडतात, आणि अर्ज मराठीत करता येतो. तिने वहीचे पान फाडले आणि शेजारणीला विचारले, "'प्रति' लिहून मग स्वल्पविराम द्यायचा ना गं?"